चाकणला नव्याने रुजू होणाऱ्या इंजिनिअरला

पहिले सहा महिने केबिनमध्ये रमू नकोस, शॉप फ्लोअरवर, मशीनजवळ उभा राहा. रात्रपाळीही कर. पहाटे चारला ऑपरेटर मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, कसा लावतो, हे दिवसा कुणी सांगत नाही.

एकदा आमचा १०० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे जॉबमधलं गोल भोक, सकाळी मापात आणि दुपारी ०.०२ मिलिमीटरने मोठा यायचा. टूल बदललं, प्रोग्राम तपासला, दोन दिवस गेले. शेवटी मशीनवरच्या काकांनी जॉब हातात घेतला आणि म्हणाले, "साहेब, गरम आहे. गार होऊ द्या, मग मोजा." माप घेण्याचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस, पोलाद दहा अंशांनी तापलं की १०० मिलिमीटरला साधारण ०.०११ मिलिमीटर फुगतं. पुस्तकात हे मी वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी. काकांशी आदराने बोल.

आणि सुटीच्या दिवशी डोंगरात जात जा, हे अगदी मनापासून सांगतो. राजगडापासून सुरुवात कर. पायथ्याच्या गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढ, शेवटचा टप्पा अंगावर येतो, तिथे घाई नको. वर संजीवनी माचीची दुहेरी, चिलखती तटबंदी निवांत बघ. दोन भिंतींमधल्या अरुंद जागेत उतरून दगडांचे सांधे हाताने चाचपून पाहा. पावसाळ्यात मात्र अनुभवी सोबत्याशिवाय जाऊ नकोस, कातळ फार निसरडा होतो.