वाचकांचे प्रश्न : रात्रीचे वर्षावन कसे ऐकावे?

प्रश्न : मार्गदर्शकासोबत रात्रीच्या वेळी वर्षावनात हिंडण्याची संधी मला लवकरच मिळणार आहे. जाऊन आलेले लोक सांगतात की, तेथे आवाजाने कान किटतात, पण प्राणी मात्र क्वचितच दृष्टीस पडतात. असे का होते, आणि त्या कोलाहलातून काही उमगावे यासाठी काय करावे?

उत्तर : आपण ऐकलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या असून त्यांचे मूळ एकच आहे. दाट पाने आणि अंधार यांमुळे तेथे रंग किंवा हावभाव दाखवून जोडीदार मिळवणे कठीण असते. म्हणून बेडूक, रातकिडे आणि नाकतोडे यांचे नर आवाजानेच आपला ठावठिकाणा कळवतात. मात्र मादीच्या कानी पडणारी साद शिकाऱ्याच्याही कानी पडते. त्यामुळे साद घालणारा जीव बहुधा आडोशाला असतो आणि जवळपास पावलांची चाहूल लागताच गप्प होतो.

या ओढाताणीचे सर्वांत बोलके उदाहरण पनामातील टुंगारा नावाच्या लहानशा बेडकाचे आहे. त्याचा नर आधी खाली उतरत जाणारा एक सूर काढतो आणि कधीकधी त्याला ‘चक्’ असे एक किंवा अधिक ठोके जोडतो. ठोके असलेली साद माद्यांना अधिक आवडते. परंतु बेडूक खाणारे, ओठांवर गाठी असलेले एक वटवाघूळही तिच्याकडेच अधिक वळते. हे वटवाघूळ बेडकाच्या सादेचा माग काढत शिकार करते, हे मर्लिन टटल आणि मायकेल रायन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. एकटा नर पुष्कळदा नुसत्या सुरावर भागवतो आणि शेजारी प्रतिस्पर्धी बोलू लागले की ठोके वाढवतो, यामागचा हिशेब आता आपल्याही लक्षात येईल.

कोलाहल उलगडण्यासाठी सगळे आवाज एकदम ओळखण्याचा हट्ट धरू नये. वाटेत एका जागी निदान दहा मिनिटे निश्चल उभे राहावे. आपल्या येण्याने दबलेले जवळचे आवाज तेवढ्यात बहुधा पुन्हा सुरू होतात. मग प्रथम सर्वांत उंच पट्टीतील अखंड किरकिर, त्यानंतर मधल्या पट्टीतील तुटक आवाज आणि शेवटी खालच्या पट्टीतील घुमणारे आवाज, अशा क्रमाने एकेका थरावर लक्ष द्यावे. एकाच जंगलातील जीव आवाजाची पट्टी आणि वेळ जणू आपसांत वाटून घेतात, अशी मांडणी ध्वनिमुद्रणकार बर्नी क्रॉज यांनी केली आहे. ती सर्वच जंगलांना सारखी लागू पडते असे मानण्याचे कारण नाही, पण ऐकण्याची शिस्त म्हणून ती फार उपयोगी आहे. उदाहरणार्थ, बोर्निओत संध्याकाळी सहाच्या सुमारास सिकाडा नावाच्या एका मोठ्या कीटकाचा कर्कश आवाज उठतो आणि अंधार पडल्यावर मैदान इतरांना मोकळे होते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हाउलर माकडांची गर्जना ऐकायची असेल, तर पहाटे उठण्याला पर्याय नाही.

आवाजाची दिशाही फसवू शकते. बोर्निओतीलच एक चिमुकला बेडूक झाडाच्या पाणी साचलेल्या ढोलीत बसून ओरडतो आणि ढोली घुमेल अशा पट्टीपर्यंत आपला आवाज जुळवत नेतो. एवढासा जीव एवढा मोठा आवाज काढतो, यावर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही! शिवाय बहुतेक वटवाघळांचे आवाज २०,००० हर्ट्झच्या वर, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेपलीकडे असतात. त्यामुळे डोक्यावरून निःशब्द गेलेले वटवाघूळ प्रत्यक्षात चांगलेच ओरडत गेलेले असते. बेडकांसाठी पाऊस नुकताच थांबलेली वेळ उत्तम. भर पावसात पानांवरच्या माऱ्यापुढे दुसरे काही ऐकू येत नाही.

प्रश्न : टॉर्च कसा वापरावा?

उत्तर : शक्य तितका कमी, पण चालताना मात्र अवश्य. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रखर झोताने ती सारी तयारी क्षणात वाया जाते. म्हणून थांबलेले असताना टॉर्च बंद ठेवावा किंवा मंद लाल प्रकाश वापरावा. प्राणी शोधताना टॉर्च आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरावा, कारण अनेक निशाचरांच्या डोळ्यांमागील परावर्तक पडदा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. जमिनीवर दवासारखे लुकलुकणारे हिरवट ठिपके बहुधा कोळ्यांचे असतात. कोणत्याही प्राण्याच्या डोळ्यांवर झोत रोखून ठेवू नये. पायांत बंद बूट असावेत, वाट सोडू नये, आणि तोल सावरण्यासाठी खोडाला किंवा वेलीला हात लावण्याआधी तेथे प्रकाश टाकून पाहावे. साप, विंचू आणि दंश करणाऱ्या मुंग्या तेथेच असू शकतात.

प्रश्न : फोनवर साद वाजवून प्राण्यांना जवळ बोलावणे योग्य आहे काय?

उत्तर : नाही. नर ती साद प्रतिस्पर्ध्याची समजून त्याला उत्तर देण्यात वेळ आणि शक्ती घालवतो, आणि या काळात तो शिकाऱ्याच्या नजरेत येण्याचा धोकाही वाढतो. फोनचा उपयोग ध्वनिमुद्रणासाठी खुशाल करावा. मात्र पार्श्वभूमीचा आवाज गाळण्याची सोय फोनमध्ये असल्यास ती आधी बंद करावी, कारण ती नेमकी कीटकांची किरकिरच पुसून टाकू शकते. फोन खिशात किंवा हातात न ठेवता पिशवीवर स्थिर ठेवावा. कपड्यांची सळसळ माइकला बेडकापेक्षा मोठी ऐकू येते.