महागडं पेट फूड घेतलं म्हणजे भेसळीची काळजी मिटते का?

प्रश्न: २००७ साली अमेरिकेत पेट फूडमध्ये मेलामाइन सापडल्याचं वाचलं आणि तेव्हापासून मांजरासाठी कोणतं पाकीट घ्यावं तेच कळेनासं झालंय. महागडा ब्रँड सुरक्षित असतो का? घरी शिजवून घालणं बरं का? आणि खाण्यातच काही गडबड आहे असा संशय आला तर नेमकं काय करायचं?

उत्तर:

किंमत बघून सुरक्षितता ठरवता येत नाही, आणि त्याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा म्हणजे तुम्ही वाचलेलं तेच प्रकरण. १६ मार्च २००७ रोजी मेनू फूड्स या कॅनडातल्या कंपनीने सुमारे ६ कोटी डबे आणि पाऊच परत मागवले. सगळा माल ओला, रश्शात तुकडे असतात तसला. त्यावर लेबलं मात्र शंभराच्या आसपास ब्रँडची होती. सुपरमार्केटचे स्वस्तातले ब्रँडही त्यात होते आणि नावाजलेले महागडेही. मेनू फूड्स इतरांसाठी माल बनवून द्यायची, त्यामुळे एकाच कारखान्यातून निघालेला माल वेगवेगळ्या नावांनी दुकानात उभा होता.

म्हणून पाकीट हातात घेतलं की आधी मागची बारीक अक्षरं वाचा. ‘उत्पादक’ म्हणून कारखान्याचा पत्ता आहे, की ‘अमुक कंपनीसाठी उत्पादित’ किंवा नुसतंच ‘वितरक’ लिहिलंय? दुसऱ्याकडून बनवून घेण्यात वाईट काही नाही. पण दोन ब्रँड आलटून पालटून देऊन आपण धोका वाटून घेतला असं समजत असाल आणि दोन्ही एकाच कारखान्यातून येत असतील, तर वाटणी झालेलीच नाही.

आता मेलामाइन तिथे पोचलं कसं ते बघा, कारण अन्नाच्या तपासण्यांवर किती भरवसा ठेवायचा हे त्यातूनच कळतं. रश्शातले तुकडे बांधून ठेवायला गव्हाचं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रोटीन, लागतं आणि त्याचा भाव त्यातल्या प्रोटीनवर ठरतो. पण नेहमीच्या तपासणीत प्रोटीन थेट मोजतच नाहीत. १८८३ सालापासून चालत आलेल्या केल्डाल पद्धतीत नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. पाकिटावरचा ‘क्रूड प्रोटीन’ हा आकडा असाच निघतो. मेलामाइन हे प्लास्टिक-रेझिनच्या उद्योगातलं रसायन, आणि त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन. म्हणजे १ ग्रॅम मेलामाइन कागदावर ४ ग्रॅमहून जास्त ‘प्रोटीन’ म्हणून दिसतं. १०० किलो पिठात १० किलो खरं प्रोटीन आहे असं धरा. त्यात २ किलो मेलामाइन मिसळलं की तपासणीत प्रोटीन १८ टक्क्यांच्या आसपास येतं. चीनमधून आलेलं ते ‘ग्लुटेन’ प्रत्यक्षात ग्लुटेन नव्हतंच, मेलामाइन मिसळलेलं गव्हाचं पीठ होतं, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुढे जाहीर केलं. तपासणी चुकली नव्हती. तिला जे विचारलं होतं, त्याचंच तिने उत्तर दिलं.

नुसतं मेलामाइन फारसं विषारी नाही. घात झाला तो त्याच्यासोबत आलेल्या सायन्युरिक अ‍ॅसिड या दुसऱ्या रसायनामुळे. नंतरच्या प्रयोगात मांजरांना दोन्ही वेगवेगळे दिल्यावर काही झालं नाही, एकत्र दिल्यावर मात्र किडन्या निकामी झाल्या. दोन्ही मिळून न विरघळणारे स्फटिक बनतात आणि किडनीच्या सूक्ष्म नलिका बुजवतात. तेव्हाचा शोधही सरळ लागला नाही. २३ मार्चला न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेने अमिनॉप्टेरिन हे उंदराच्या विषात वापरलेलं रसायन सापडल्याचं जाहीर केलं, इतर ठिकाणी त्याला दुजोरा मिळाला नाही, आणि ३० मार्चला मेलामाइनचं नाव पुढे आलं. खात्रीने नोंदवलेले मृत्यू मोजके आणि तक्रारी हजारोंनी, असा आकड्यांचा गोंधळही राहिला, कारण माणसांसारखी पाळीव प्राण्यांच्या मृत्यूची नोंद कुठे एकत्र होतच नव्हती.

माणूस दिवसभरात दहा प्रकारचं खातो, त्यामुळे एखाद्या दूषित पदार्थाचा वाटा पातळ होत जातो. मांजर मात्र महिनोन् महिने एकाच पिशवीतलं खातं. हीच गत तान्ह्या बाळाची. २००८ साली चीनमध्ये हीच युक्ती दुधाच्या पावडरीत वापरली गेली, तेव्हा सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली आणि ६ दगावली.

तरीही मेलामाइनच्या भीतीत अडकून पडू नका. रोजचा धोका वेगळा आणि जास्त साधा असतो. कोरड्या खाण्यात मुख्य शत्रू अफ्लाटॉक्सिन. मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचं हे विष यकृतावर जातं. दाणे बनवताना लागणाऱ्या उष्णतेने बुरशी मरते, विष टिकतं. अमेरिकेतली मर्यादा आहे अब्जाला २० भाग, म्हणजे किलोमागे २० मायक्रोग्रॅम. डिसेंबर २०२० मध्ये परत मागवलेल्या स्पोर्टमिक्स या पेट फूड ब्रँडच्या काही नमुन्यांत ५५८ पर्यंत आकडा गेला होता आणि शंभराहून जास्त कुत्रे मेल्याच्या तक्रारी आल्या. हे विष मालात सारखं पसरलेलं नसतं, एखाद्या कोपऱ्यात दाट आणि बाकी ठिकाणी जवळपास शून्य असतं. म्हणून मूठभर नमुना ‘स्वच्छ’ आला याचा अर्थ पिशवी स्वच्छ असा होत नाही.

दुसरा प्रकार मिश्रणातल्या चुकीचा. २०१९ मध्ये हिल्स या पेट फूड कंपनीच्या डब्यांत ड जीवनसत्त्व कमाल मर्यादेच्या कितीतरी पट निघालं, कारण बाहेरून आलेलं जीवनसत्त्वांचं मिश्रणच चुकीचं होतं. तिसरा साल्मोनेला, पोट बिघडवणारा जंतू. दाणे यंत्रातून निघताना जंतुमुक्त असतात, पण नंतर चवीसाठी त्यांच्यावर चरबी फवारतात आणि तिथे पुन्हा लागण होऊ शकते. २०१२ मध्ये अमेरिका आणि कॅनडात कुत्र्यांच्या कोरड्या खाण्यामुळे ४९ माणसं आजारी पडल्याची नोंद आहे. जनावर स्वतः ठणठणीत दिसतं आणि जंतू पसरवत राहतं. म्हणून खाणं काढायला वेगळा चमचा ठेवा, जनावराच्या वाटीनेच पिशवीतून उपसू नका, आणि त्या हाताने बाळाच्या ताटलीला हात लावण्याआधी साबणाने २० सेकंद धुवा.

घरात आणल्यावर सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पिशवी डब्यात रिकामी करून फेकून देणं. पिशवीबरोबर लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक, जातो, आणि त्याशिवाय कंपनी, डॉक्टर, प्रयोगशाळा कुणालाच काही करता येत नाही. आख्खी पिशवीच डब्यात ठेवा, तोंड दुमडून. डब्याच्या तळाशी जुनी चरबी साचून खवट होते, तोही त्रास वाचतो. पिशवी उघडल्याची तारीख मार्करने वर लिहा आणि लॉट नंबर व ‘बेस्ट बिफोर’ दोन्ही येतील असा फोटो काढा. हे फोटो निदान दोन-तीन महिने पुसू नका, कारण अफ्लाटॉक्सिनची लक्षणं पिशवी संपल्यावरही दिसू शकतात. साठवणीची जागा कोरडी आणि २७ अंशांखाली हवी. फुगलेला डबा उघडून बघायच्या फंदात पडू नका.

कंपनीला विचारायचं असेल तर ‘तुमचं खाणं सुरक्षित आहे का’ असं विचारून हाती काही लागत नाही. विचारा: हा लॉट कोणत्या कारखान्यात बनला? मका आत घेतानाच प्रत्येक गाडीची अफ्लाटॉक्सिन तपासणी होते का? तयार माल अहवाल येईपर्यंत गोदामात अडवून ठेवता, की पाठवून मग तपासता? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तरात लॉट, मर्यादा, पद्धत असं काही आलं तर तिथे कुणीतरी काम करतंय. ‘आम्ही सर्वोच्च दर्जा पाळतो’ एवढंच आलं तर ते जाहिरात खात्याकडून आलंय असं मी धरतो.

आता संशय आल्यावर. एकच मांजर एकदा ओकलं तर बहुतेक वेळा कारण खाण्यातल्या विषाचं नसतं. एकाच पिशवीतलं खाणाऱ्या दोघांना त्रास आणि वेगळं खाणारं तिसरं धडधाकट, किंवा नवी पिशवी उघडल्यावर काही दिवसांत सुरुवात, असं दिसलं तर मात्र खाणं लगेच बंद करा. आणि ते टाकून देऊ नका. मूळ पिशवीसकट दुहेरी प्लास्टिकमध्ये बंद करून ‘देऊ नये’ असं लिहून बाजूला ठेवा. ओलं उरलेलं फ्रीझरमध्ये. त्याच लॉटचा न उघडलेला डबा असेल तर तो सोन्यासारखा जपा, उघडलेल्यात घरातलंच काही पडलं असा आक्षेप त्यावर घेता येत नाही. कोरड्याचा नमुना वरून, मधून आणि तळातून मिळून निदान अर्धा किलो घ्या. पावतीही जोडा.

डॉक्टरांना खाण्याचा संशय स्पष्ट सांगा, म्हणजे तपासण्या त्या दिशेने होतील. पाणी खूप पिणं आणि लघवी वाढणं असेल तर क्रिएटिनिन आणि युरियासोबत कॅल्शियम, फॉस्फरसही बघायला हवेत, कारण ड जीवनसत्त्व जास्त झालं की कॅल्शियम चढतं. क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. किडनीचं तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे ती किती दाट आहे याचा आकडा, त्याआधी बोलते. शरीरात पाणी कमी असूनही मांजराची लघवी १.०३५ च्या खाली असेल तर किडनीकडे बघायला हवं. ताज्या लघवीतले स्फटिकही सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला तर यकृताची एन्झाइम्स, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची वेळ. प्रयोगशाळेलाही काय शोधायचं ते नाव घेऊन सांगावं लागतं. ‘यात विष आहे का बघा’ अशी तपासणी अस्तित्वात नाही.

घरी शिजवणं हा यातला रामबाण नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्क्यांत निदान एक आवश्यक घटक कमी निघाला. मांजराचं तर टॉरिन या मांसातून मिळणाऱ्या घटकावाचून हृदय आणि डोळे दोन्ही जातात. करायचंच असेल तर पशुआहारतज्ज्ञाने आकडेमोड करून दिलेली पाककृती ग्रॅमवर मोजून करा आणि मनाने घटक बदलू नका. कच्चं मांस मी सुचवणार नाही. अमेरिकी प्रशासनाने २०१० ते २०१२ दरम्यान तपासलेल्या कच्च्या पेट फूडच्या १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया निघाला. फ्रीझरमध्ये ठेवल्याने हे जंतू मरत नाहीत.

परत मागवल्याची यादी बघताना ब्रँडचं नाव आपलं नाही म्हणून थांबू नका, लॉट नंबर आणि तारीख जुळवा. यादी पहिल्या दिवशी पुरी नसते. २००७ मध्ये ती कित्येक आठवडे वाढत गेली, तेव्हा आठवड्याभराने पुन्हा बघा. आणि आत्ताच, काही घडलेलं नसताना, मांजराला दुसऱ्या कारखान्याच्या एका खाण्याची सवय लावून ठेवा. ऐनवेळी खाणं बदललं की बरीच मांजरं तोंड फिरवतात, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर यादीत नाव येण्याची वाट न बघता दवाखान्यात न्या.