शेजारच्या दोन मोठ्या शहरांपैकी एकच पुढे का जाते?

आपण विचारले आहे की एकाच देशात, सारख्या हवामानात आणि जवळपास सारख्याच आकाराची दोन मोठी शहरे असताना काही दशकांत त्यांपैकी एक भरभराटीला येते आणि दुसरे मागे पडते, हे कसे घडते. आणि चांगले किंवा वाईट नेतृत्व एवढेच कारण त्याला पुरते का. नेतृत्वाचा वाटा मी नाकारत नाही. तरीही या प्रश्नात जी गोष्ट कोड्यासारखी वाटते, ती म्हणजे दोन शहरांचा शेजार, तीच मला त्यांच्या फारकतीचे एक मोठे कारण वाटते.

कोणतेही मोठे व्यापारी शहर आपल्याभोवतीच्या विस्तीर्ण मुलखाची पेठ असते, आणि एका मुलखाला एकच मुख्य घाऊक बाजार, एकच मोठे रेल्वे जंक्शन, एकच शेअरबाजार पुरतो. जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे व्यापारी जातो, जिथे व्यापारी जास्त तिथे गिऱ्हाईक. त्यांच्या मागोमाग पेढ्या, विमा कंपन्या, वकील आणि कुशल कारागीर येतात. त्यामुळे सुरुवातीची लहानशी आघाडी चक्रवाढ व्याजासारखी वाढत जाते. दोन शहरे हजारो किलोमीटर लांब असतील, तर दोघांनाही आपापला मुलूख मिळतो. ती जवळ असतील, तर एकाच मुलखावर दोघांचा डोळा असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील शिकागो आणि सेंट लुईस यांचे आहे. त्यांच्यात सुमारे ४८० किलोमीटरचे अंतर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोणाही व्यवहारी माणसाने सेंट लुईसवरच पैसे लावले असते, कारण मिसिसिपी आणि मिसूरी या नद्यांच्या संगमाजवळचे ते शहर आगबोटींच्या व्यापाराचे माहेरघर होते, तर शिकागो मिशिगन सरोवराकाठच्या दलदलीत उभे राहत होते. मात्र १८४८ या एकाच वर्षात शिकागोत सरोवर आणि मिसिसिपीचे खोरे जोडणारा कालवा खुला झाला, पहिले रेल्वे इंजिन धावले आणि धान्य व्यापाऱ्यांचे मंडळ स्थापन झाले. पूर्वेकडच्या भांडवलदारांना न्यूयॉर्कशी जलमार्गाने जोडलेले हे ठिकाण सोयीचे वाटले आणि त्यांचा पैसा शिकागोतून निघणाऱ्या लोहमार्गांत ओतला गेला.

माझ्या दृष्टीने खरा फरक धान्य हाताळण्याच्या पद्धतीत दिसतो. सेंट लुईसला गहू पोत्यांत भरून बोटीने येई, हमाल तो पाठीवरून वाहत, आणि प्रत्येक शेतकऱ्याचे पोते शेवटपर्यंत वेगळे राही. शिकागोत वाफेच्या यंत्राने सुटे धान्य उंच कोठारांत चढवले जाऊ लागले. ते एकत्र मिसळायचे, तर त्याची प्रतवारी ठरवणे भाग होते. १८५०च्या दशकात व्यापारी मंडळाने ती ठरवली. मग कोठाराची पावती हीच विक्रीयोग्य वस्तू झाली आणि गहू प्रत्यक्ष न पाहताही त्याचा सौदा होऊ लागला. हे सेंट लुईसच्या व्यापाऱ्यांना कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या धक्क्यांत, बोटींत आणि हमालीच्या व्यवस्थेत इतका पैसा आणि इतक्या लोकांची रोजीरोटी गुंतलेली होती की जुनी पद्धत मोडणे म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणे होते. शिकागोकडे मोडण्यासारखे जुने काही नव्हते.

पुलांची गोष्टही अशीच आहे. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल १८५६ मध्ये रॉक आयलंड येथे, म्हणजे शिकागोच्या लोहमार्गावर, झाला. काही दिवसांतच एक आगबोट त्यावर आदळून जळाली आणि बोटमालकांनी पूल बांधणाऱ्यांवर दावा लावला. त्यांच्या विरोधात, रेल्वेच्या बाजूने, अब्राहम लिंकन या वकिलाने काम पाहिले. दाव्याचा निकाल लागला नाही आणि नदीवरून रेल्वे धावतच राहिली. सेंट लुईसचा स्वतःचा पूल १८७४ मध्ये खुला झाला. मधल्या काळात यादवी युद्धाने नदीच्या खालच्या भागातला व्यापार बंद पाडला होता. १८७० च्या जनगणनेत दोन्ही शहरांची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास नोंदली गेली. १८९० मध्ये शिकागो अकरा लाखांच्या जवळ पोहोचले होते आणि सेंट लुईस साडेचार लाखांवर होते.

इथे एक सावधगिरी सुचवतो, कारण अशा आकड्यांनी अनेकजण फसतात. शिकागोने १८८९ मध्ये आजूबाजूच्या मोठ्या वस्त्या आपल्या हद्दीत घेतल्या, तर सेंट लुईसने १८७६ मध्ये भोवतालच्या काउंटीपासून (म्हणजे जिल्ह्यापासून) स्वतःला कायमचे वेगळे करून घेतले. ग्रामीण भागाचा खर्च शहराने का सोसावा, असा त्यामागचा हिशेब होता. पुढे लोक आणि कारखाने हद्दीबाहेर गेले आणि करही त्यांच्याबरोबर गेला. १९५० मध्ये साडेआठ लाखांवर असलेले हे शहर २०२० मध्ये तीन लाखांवर आले, परंतु त्याच्या महानगर क्षेत्रात आजही सत्तावीस लाखांहून अधिक लोक राहतात. त्यामुळे शहर ओस पडले की नुसतेच हद्दीबाहेर सरकले, हे आधी तपासावे.

संकटांनी शहरे बुडतात, हे मत मला फारसे पटत नाही. १८७१ च्या आगीत शिकागोचा मध्यभाग बेचिराख झाला आणि सुमारे एक लाख लोक बेघर झाले. तरी लोहमार्गांचे जाळे आणि देशाच्या पूर्वेकडचे सावकार शाबूत होते, म्हणून शहर झपाट्याने पुन्हा उभे राहिले. टेक्सासच्या किनाऱ्यावरील गॅल्व्हेस्टनची गोष्ट निराळी झाली. १९०० च्या चक्रीवादळात तिथे किमान सहा हजार माणसे दगावली. गावाने भिंत बांधली, जमीन उंचावली, चिकाटीत काही कमी ठेवले नाही. पण जवळच्याच ह्यूस्टनला रेल्वेचे जाळे होते, १९०१ मध्ये त्या परिसरात तेल लागले आणि १९१४ मध्ये खोल जलमार्ग खणून जहाजे थेट ह्यूस्टनपर्यंत येऊ लागली. पर्याय शेजारीच तयार असेल, तर एक तडाखाही पुरतो.

कॅनडातील माँट्रियल आणि टोरंटो यांच्याबाबत, माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकचा १९७७ चा फ्रेंच भाषेचा कायदा हे कारण सर्रास सांगितले जाते. एका बड्या विमा कंपनीने १९७८ मध्ये आपले मुख्यालय टोरंटोला हलवण्याची घोषणा केली, हे खरे आहे. तथापि खाणींच्या समभागांमुळे टोरंटोचा शेअरबाजार १९३०च्या दशकातच पुढे गेला होता, आणि १९५९ मध्ये समुद्रातून थेट आतल्या मोठ्या सरोवरांपर्यंत नेणारा सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाल्यावर मोठ्या जहाजांना माँट्रियलला माल उतरवण्याची गरज उरली नाही. आधीच कलंडलेला तराजू कायद्याने अधिक वेगाने झुकवला, असे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते.

मात्र जुनी शर्यत जिंकणारा नेहमीच श्रीमंत होतो, असेही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात कंटेनर जहाजांचा व्यापार ओकलंडने १९६०च्या दशकात पटकावला आणि पलीकडच्या काठावरचे सॅन फ्रान्सिस्कोचे धक्के ओस पडले. तरीही संपत्ती सॅन फ्रान्सिस्कोकडेच साचली. कंटेनर बंदराला माणसे थोडी लागतात आणि तिथला माल न थांबता पुढे जातो; पेढ्या, कायदा आणि पुढे संगणकाचा धंदा यांना मात्र माणसे एकत्र लागतात.

शेवटी नेतृत्वाकडे येतो. आजच्या बेल्जियममधील ब्रूज या जुन्या व्यापारी शहराचा ऱ्हास समुद्राकडे जाणारी खाडी गाळाने भरल्यामुळे झाला, असे सांगतात. पण १४८८ मध्ये त्या शहराने तिथला राज्यकर्ता मॅक्सिमिलियन याला कैद केले आणि त्याने परदेशी व्यापाऱ्यांना जवळच्या अँटवर्पला जाण्याचा हुकूम दिला, हेही तितकेच महत्त्वाचे. पुढे १५८५ मध्ये स्पॅनिश फौजांनी अँटवर्प घेतले, डच बंडखोरांनी अँटवर्पला समुद्राशी जोडणाऱ्या शेल्ट नदीचे मुख रोखले आणि शहराचे हजारो व्यापारी व कारागीर उत्तरेकडे गेले. त्यांच्या कसबावर ॲमस्टरडॅम फुलले. ही कोंडी दोन शतके टिकली. नदी खुली झाल्यावर मात्र अँटवर्प पुन्हा वर आले आणि आज ते युरोपातील दुसऱ्या क्रमांकाचे बंदर आहे. २०२२ पासून ते ब्रूजच्या समुद्रकाठच्या बंदराशी विलीन झाले असून दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा कारभार एकाच नावाखाली चालतो.