शितावरून भाताची परीक्षा डब्याला लागू पडत नाही

बाळाला वरचे दूध सुरू करावे लागलेले आईवडील मला एक प्रश्न वरचेवर विचारतात. पावडरच्या दुधात जंतू असतात असे ऐकले आहे, तर डबा प्रयोगशाळेतून तपासून घेतला म्हणजे निर्धास्त होता येईल का? हा प्रश्न घेऊन आलेले एक जोडपे मला विशेष लक्षात राहिले, कारण त्यांनी विचारण्याआधीच तपासणी करून घेतली होती. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाळ तेहतिसाव्या आठवड्यात झालेले, बारा दिवस काचेत ठेवलेले. घरी आल्यावर आईचे दूध पुरेना, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी दिवसातून तीनदा पावडरचे दूध सांगितले होते. वडील औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या एका कारखान्यातले पावडरचे डबे परत मागवले गेले होते, त्याच्या जुन्या बातम्या त्यांनी रात्री जागून वाचल्या होत्या आणि दुसऱ्याच दिवशी डब्यातली थोडी पावडर खासगी प्रयोगशाळेत पाठवली होती. अहवाल त्यांनी माझ्यासमोर ठेवला. क्रोनोबॅक्टर, म्हणजे तान्ह्या बाळांना मेंदुज्वर देऊ शकणारा जंतू, १० ग्रॅममध्ये आढळला नाही, जुलाब-तापाचा जंतू साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये आढळला नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते.

"म्हणजे हा डबा आता सुरक्षित आहे ना, मॅडम?" त्यांनी विचारले. बाळाची आई काहीच बोलली नाही, मांडीवरच्या बाळाच्या टोपड्याची नाडी सोडून ती पुन्हा बांधत राहिली.

मी त्यांना सांगितले की, अहवाल खरा आहे, पण तो त्या पावडरीचा आहे जी प्रयोगशाळेत संपली. उरलेल्या डब्याबद्दल तो फार थोडे सांगतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एकाच पातेल्यातले, एकाच वाफेवरचे तांदूळ जवळपास सारखे शिजतात. पावडरीत जंतू असलेच तर ते असे सारखे पसरलेले नसतात. अनेकदा त्यांचे प्रमाण शंभर ग्रॅमला एखादा इतके विरळ असते, आणि तेवढ्या विरळ जंतूंच्या डब्यातून १० ग्रॅमचा नमुना काढला, तर दहांपैकी सुमारे नऊ वेळा हाती काहीच लागणार नाही. हे गणित त्या गृहस्थांना माझ्याआधी कळायला हवे होते, असे मला वाटले. पण स्वतःच्या मुलाच्या बाबतीत कारखान्यातले शहाणपण घरी येईपर्यंत वाटेत कुठेतरी राहून जाते.

तपासणीची रीत मात्र त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. दहा ग्रॅम पावडर नव्वद मिलिलिटर पोषक द्रावणात रात्रभर उबेत ठेवायची, कारण कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने निपचित पडलेला जंतू आधी सावध व्हावा लागतो. मग त्यातला थेंबभर अंश इतर जंतूंना रोखणाऱ्या दुसऱ्या द्रावणात २४ तास ४१.५ अंशांवर, आणि त्यानंतर रंग देणाऱ्या माध्यमाच्या बशीवर आणखी एक दिवस. क्रोनोबॅक्टर असेल तर तिथे निळ्या-हिरव्या वसाहती उगवतात, आणि त्यांचीही पुढे खात्री करून घ्यावी लागते. कारखान्याने ही तपासणी एका नमुन्यावर भागवायची नसते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या २००८ च्या नियमावलीत क्रोनोबॅक्टरसाठी दहा-दहा ग्रॅमचे ३० नमुने सांगितले आहेत, आणि त्यांपैकी एकातही तो चालत नाही. घरच्या एका डब्यातून एवढी पावडर काढली, तर बाळाला पाजायला फारसे उरणारच नाही.

"मग कारखान्यातच सगळे जंतू मारून का टाकत नाहीत?" आईने पहिल्यांदाच तोंड उघडले. दूध तापवलेले असते, पण वाळवल्यानंतर काही घटक कोरडेच मिसळले जातात, भरणी होते, आणि तिथे जंतू शिरू शकतो. बंद डब्यातली पावडरही म्हणूनच निर्जंतुक धरता येत नाही. २००१ साली टेनेसीतील नवजात अतिदक्षता विभागात एक अपुऱ्या दिवसांचे बाळ या जंतूच्या मेंदुज्वराने दगावले, तेव्हा त्याच खेपेच्या न उघडलेल्या डब्यातही तो सापडला होता. हे सांगताना मी हेही सांगितले की असा आजार फार विरळा आहे, अमेरिकेत कित्येक वर्षे वर्षाला दोन-चारच रुग्णांची नोंद होत असे. तरी दोन महिन्यांच्या आतली आणि अपुऱ्या दिवसांची बाळे यांना धोका अधिक असतो, आणि त्यांचे बाळ दोन्हींत बसत होते.

मग मी त्यांना दूध नेहमीसारखे करून दाखवायला सांगितले. वडिलांनी पाणी उकळले, "कोमट होऊ द्या" म्हणून बाजूला ठेवले, आणि आईने डब्यातला चमचा काढला. चमच्याच्या दांड्याला पावडरीची ओलसर कड चिकटलेली होती. रात्रीचे दूध एकदमच करून थर्मासमध्ये ठेवतो, असेही बोलण्यातून कळले. माझ्या दृष्टीने त्या अहवालापेक्षा हा थर्मास महत्त्वाचा होता, कारण उबदार दुधात हा जंतू तासाभराच्या आत दुप्पट होतो आणि रात्रभरात एकाचे असंख्य होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या सूचनेनुसार पावडर ज्या पाण्यात कालवायची ते ७० अंशांच्या खाली गेलेले नसावे, कारण तेवढी उष्णता जंतूला मारते. उकळलेले एक लिटर पाणी झाकून ठेवले तर साधारण अर्ध्या तासापर्यंत ते तसे राहते. मात्र आपण कपभरच पाणी उकळतो. माझ्याकडच्या तापमापकाने आम्ही त्यांचे पातेले मोजले, तेव्हा दहाव्या मिनिटालाच काटा सत्तरच्या खाली आला होता. कालवल्यावर बाटली नळाखाली धरून गार करायची, मनगटावर थेंब टाकून पाहायचा, दोन तासांत पाजायचे आणि उरलेले ओतून द्यायचे. गरम पाण्याने काही जीवनसत्त्वे, विशेषतः क, थोडी घटतात, ही वडिलांची शंका रास्त होती; तिच्यासाठी मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. बाळ पिणे सोडून मलूल झाले, ताप आला किंवा अंग थंड पडले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हेही मी कागदावर लिहून दिले.

आईशी मी नंतर एकटीने बोलले. "माझेच दूध पुरले असते तर हे काही झालेच नसते," असे ती म्हणाली. त्या दिवसापासून आम्ही दर तीन तासांनी पंपाने दूध काढण्याचे वेळापत्रक बांधले, कारण अशा बाळांच्या आयांचे दूध वाढायला वेळ लागतो, पण बहुधा वाढते. पाचव्या आठवड्यात पावडर एका वेळेपुरती उरली, तेव्हा वडिलांचा पुन्हा फोन आला. पंपाचे भाग तपासायला पाठवू का, हा त्यांचा प्रश्न होता. मी हसले नाही. २०१६ साली पेनसिल्व्हेनियात एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हाच जंतू पंपाच्या भागांवाटे पोचल्याचे आढळले होते. मी त्यांना वेगळे घमेले, साबणाचे गरम पाणी आणि स्वच्छ कापडावर पूर्ण वाळवणे एवढेच सांगितले. त्यांनी फोन न ठेवताच पत्नीला विचारले, "अगं, सिंकमधलेच घमेले वापरतेस का तू?" पलीकडून हो आले.