बीएस/एमडी: अर्ज, व्हिसा आणि सतराव्या वर्षीची मुलाखत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी अकरावीत, न्यू जर्सीत पब्लिक स्कूल, एसएटी (कॉलेजप्रवेशाची परीक्षा) १५४०, शनिवारी हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियरिंग. तुम्ही दोघं एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्ड कधी येईल ते देवाला माहीत. बारावीनंतर थेट एमडीची (अमेरिकेत ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) जागा राखून देणाऱ्या बीएस/एमडी प्रोग्रॅम्सना अर्ज कुठे करायचा, मुलाखतीची तयारी कशी करून घ्यायची आणि त्यासाठी पैसे देऊन कन्सल्टंट लावायचा का? मी इथे अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ आहे आणि गेली काही वर्षं मंडळातल्या मुलांच्या सराव-मुलाखती घेते. त्या अनुभवावरून सांगते.

एसएटीचं नंतर बघू, आधी व्हिसा. बरेच प्रोग्रॅम, विशेषतः स्टेट युनिव्हर्सिटींचे, फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचे अर्ज घेतात. मुलगी एच-फोरवर (एच-वन-बीवाल्यांच्या मुलांचा व्हिसा) असेल तर एकविसाव्या वाढदिवसाला तो दर्जा संपतो आणि तिला एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. सात वर्षांच्या प्रोग्रॅममध्ये एमडीचा भाग साधारण त्याच वयात सुरू होतो. म्हणजे नेमकी मोठी फी भरायची वेळ येते तेव्हा ती परदेशी विद्यार्थिनी असते आणि फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज तिला मिळत नाही. ग्रीन कार्ड आलं तरी जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज बंद. एमडीसाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर, एकूण २,००,०००. खाजगी मेडिकल स्कूलचा खर्च त्यात बसत नाही. हा हिशोब घरात आत्ताच मांडा, आणि मुलीला समोर बसवून मांडा.

आता प्रोग्रॅम. मिझुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठाचा सहा वर्षांचा आहे, १९७१ पासून चालू. आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असतो तो कॉलेज ऑफ न्यू जर्सी आणि रटगर्सच्या नेवार्कच्या मेडिकल स्कूलचा, सात वर्षांचा. ब्राउन विद्यापीठाचा पीएलएमई नावाचा प्रोग्रॅम आठ वर्षांचा, त्याला एमकॅट (मेडिकल स्कूलची प्रवेशपरीक्षा) लागत नाही, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठलाही घेता येतो आणि परदेशी विद्यार्थीही अर्ज करू शकतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने आपला प्रसिद्ध प्रोग्रॅम केव्हाच बंद केला, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या याद्यांत तो अजून पहिल्या पाचात असतो! त्यामुळे यादी कोणाचीही असो, प्रत्येक नाव कॉलेजच्या साइटवर तपासा. तिथेच जागा टिकवायच्या अटीही वाचा: जीपीए (ग्रेडची सरासरी) किती राखायचा, एमकॅट द्यायची का, किती स्कोअर हवा, मध्येच दुसरीकडे अर्ज केला तर ही जागा जाते का. माझं मत विचाराल तर एक वर्ष वाचवण्यापेक्षा आठ वर्षांचा, पण सैल अटींचा प्रोग्रॅम बरा. अठराव्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एखादा बी ग्रेड मिळाला म्हणून रात्र रात्र न झोपलेली मुलं मी पाहिली आहेत.

कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायची साइट, १ ऑगस्टला उघडतं आणि यातल्या अनेकांची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपते. निबंध उन्हाळ्यातच लिहून व्हायला हवेत. 'आजोबा हार्ट अटॅकने गेले आणि मी ठरवलं' हा निबंध समितीने शेकड्यांनी वाचलेला असतो. दुःख खरं असेल, पण त्यात मुलीने स्वतः काय पाहिलं ते दिसत नाही. उन्हाळ्यात भारतात जाणार असाल तर एक सांगते. मामाच्या हॉस्पिटलमध्ये 'ऑपरेशनला मदत केली', 'टाके घातले' हे अर्जात लिहू नका, आणि मुळात करूही देऊ नका. इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या, एएएमसीच्या, याबाबत स्पष्ट मार्गदर्शक सूचना आहेत. प्रशिक्षण नसताना पेशंटला हात लावणं हा तुमच्या मुलीच्या विवेकावरचा प्रश्न ठरतो. मी तयारी करून घेतलेला एक मुलगा सांगलीकडच्या एका दवाखान्यात नुसता केसपेपरच्या खिडकीपाशी बसला होता. दुपारनंतर नंबर यायच्या आतच लोक उठून जातात, कारण गावाकडची एसटी चुकली तर मुक्काम पडतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने लांबच्या गावच्या लोकांचे केसपेपर आधी काढायला सुचवलं. मुलाखतीत बराच वेळ यावरच बोलणं झालं.

मुलाखती साधारण जानेवारी ते मार्च. काही ठिकाणी दोघातिघांशी साध्या गप्पा असतात, काही ठिकाणी एमएमआय, म्हणजे काही मिनिटांचे छोटे छोटे प्रसंग एकामागून एक. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने काढली. प्रसंग असा: सोळा वर्षांची पेशंट म्हणते, हे आईला सांगू नका. आपली मुलं दोन प्रकारे अडकतात. एक तर मोठ्यांना आवडेल ते बोलतात, नाहीतर कोचिंगमध्ये पाठ केलेली नीतिशास्त्राची चार तत्त्वं घडाघडा म्हणतात. मी तिथेच थांबवते आणि विचारते, ती मुलगी समोर बसलीये, आता तुझं पहिलं वाक्य काय? बहुतेकांना ते सुचायला वेळ लागतो. तो वेळ घरी घालवलेला बरा.

'नर्स किंवा पीए का नाही व्हायचं?' हा प्रश्न हमखास येतो. (पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट.) 'मला पेशंट बरे करायचेत' हे त्याचं उत्तर होत नाही, कारण पीए आणि नर्स प्रॅक्टिशनरही इथे निदान करतात, औषध लिहून देतात. तिने त्यांच्यापैकी कोणाशी तरी प्रत्यक्ष बोलून आलेलं असावं. आणि नर्सना कमी लेखणारा एक शब्द जरी निघाला तर मुलाखत तिथेच संपली समजा.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र साधा असतो: आत्ताच का? चार वर्षं कॉलेज करून मग ठरवायला काय हरकत आहे? काही प्रोग्रॅममध्ये एमकॅट टळते हे सगळ्यांनाच माहीत आहे, ते लपवायची गरज नाही. पण तो वाचलेला वेळ ती कशात घालवणार हे तिला सांगता आलं पाहिजे: सांख्यिकी शिकणार, स्पॅनिश शिकणार, एखाद्या प्रयोगशाळेत सलग दोन वर्षं काढणार. 'लहानपणापासून डॉक्टरच व्हायचंय' यावर पुढचा प्रश्न येतो की दुसरं काय करून पाहिलंस? तिथे शांतता पसरते.

कन्सल्टंटबद्दल विचारलंत. हजारो डॉलर देऊन घासूनपुसून घेतलेली उत्तरं समोरच्याला लगेच कळतात. त्यापेक्षा तुमच्या ओळखीतल्या, पण तिला न ओळखणाऱ्या दोन मोठ्या माणसांना तिची मुलाखत घ्यायला सांगा. एक शक्यतो अमराठी. तुम्ही खोलीबाहेर थांबा.

प्रोग्रॅमची संख्या सहा-आठच्या वर नेऊ नका, आणि साध्या प्री-मेडसाठी (आधी पदवी, मग मेडिकल स्कूलला अर्ज) तिला मनापासून आवडतील अशी कॉलेजं तितकीच ठेवा. इथल्या बहुतेक डॉक्टरांनी तोच रस्ता घेतलाय. या आठवड्यात एक काम करा: यादीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या ऑफिसला ईमेल करून विचारा की एच-फोरवरची विद्यार्थिनी चालते का, आणि मध्येच एफ-वन झालं तर जागेचं काय होतं. ईमेल तिलाच लिहू दे. उत्तरं आली की यादी इथे टाका, मग निबंधांकडे बघू.