इंदूरमध्ये फोमचं विमान उडवतो. पीआयआर (हालचाल ओळखणाऱ्या) सेन्सरने घरच्या घरी स्टॅबिलायझर (विमान आपोआप सपाट ठेवणारी यंत्रणा) बनेल का?

पीआयआरने नाही बनणार, पण थर्मोपाइल सेन्सरने नक्की बनेल. पीआयआर फक्त उष्णतेतला बदल टिपतो. समोरचं दृश्य स्थिर राहिलं की तो गप्प. थर्मोपाइल मात्र समोर किती ऊब आहे ते सतत सांगत राहतो. सगळी युक्ती एवढीच, की आकाश थंड आणि जमीन गरम दिसते. एक सेन्सर डावीकडे, दुसरा उजवीकडे बघणारा लावा. पंख सपाट असताना दोघांना अर्धं आकाश, अर्धी जमीन दिसते, म्हणून फरक शून्य. डावा पंख झुकला की डाव्या सेन्सरला जमीन जास्त दिसते, आकडा वाढतो, आणि तेवढाच एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) उलटा द्यायचा. नाकाच्या वर-खालीसाठी पुढे-मागे अशीच दुसरी जोडी. पॅपराझी या ओपन सोर्स ऑटोपायलटमध्ये हेच तंत्र वापरलं होतं. मी एमएलएक्स९०६१४ या थर्मोपाइल सेन्सरवर गच्चीत करून पाहिलंय. तिथे दोन गोष्टींत अडकलो:

- सगळ्यांचा आयटूसी पत्ता (एकाच तारजोडीवरचे सेन्सर वेगळे ओळखायचा क्रमांक) कारखान्यातून एकच येतो (०x५ए), तो आधी एकेकाचा बदलून घ्या.
- धुळीपासून वाचवायला काच लावू नका, ही ऊब काचेतून जातच नाही. पातळ पॉलिथीन चालतं.

उडवण्याआधी नाक सरळ खाली धरून जमीन-आकाशाचा पूर्ण फरक मोजा आणि गेन (किती फरकाला किती एलेरॉन द्यायचा ते प्रमाण) त्यावर ठरवा, कारण तो रोज बदलतो. पावसाळ्यात ढग खाली उतरले किंवा जानेवारीत सकाळी धुकं असलं, की हा फरक जवळजवळ उरत नाही. त्या दिवसांसाठी एमपीयू६०५० सारखा जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) सोबत ठेवावाच लागेल.