गरोदरपणात सुगंधी तेलं वापरायची आहेत? आधी हे वाच

अगं, मन हलकं व्हावं म्हणून तेल हवंय ना, मग हुंगण्यापुरतंच ठेव. रुमालावर १ थेंब, दोन-चार श्वास, झालं. पहिले ३ महिने तर तेही टाळलेलं बरं. पुढे सुरू करताना डॉक्टरांच्या कानावर घाल, दमा किंवा फिट्सचा त्रास असेल तर नक्कीच.

लॅव्हेंडर आणि गोड संत्र्याचं तेल साधारणपणे सौम्य मानतात. पण या दिवसांत नाक फार तिखट होतं. कालपर्यंत आवडणाऱ्या वासाने आज मळमळेल. मग कितीही महाग असलं तरी ती बाटली बाजूला ठेव. डिफ्यूझर (तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र) १५-२० मिनिटं पुरे, खिडकी उघडी ठेवून. रात्रभर नको.

अंगाला लावायचं तर थेट कधीच नाही. ३० मिलि बदाम तेलात जास्तीत जास्त ६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांब. लिंबाचं किंवा बर्गमॉटचं (हे संत्र्याच्या जातीचं फळ) तेल लावून उन्हात जाऊ नकोस, त्वचा भाजते.

पोटात घेणं? अजिबात नाही. 'नैसर्गिक आहे' हे कारण मला तरी पटत नाही. पेनीरॉयल (पुदिन्याच्या जातीची वनस्पती) तेल यकृताला विषारी आहे, विंटरग्रीन या झुडपाच्या तेलामध्ये ॲस्पिरिनच्या जातीचं रसायन असतं. ही दोन्ही, शिवाय कापूर आणि सेज (एक सुगंधी पाला) यांची तेलं, हुंगायलाही नकोत.

आणि उदासी २ आठवड्यांहून जास्त टिकली, झोप उडाली, तर तेलाच्या भरवशावर बसू नकोस. डॉक्टरांना स्पष्ट सांग, त्यावर उपचार आहेत.